बाळाचे ठोके ६० च्या खाली गेल्यावर होणाऱ्या या चुका टाळा

नुकतंच जन्मलेलं बाळ रडलं नाही, हातपाय लुळे पडले, स्टेथोस्कोपवर हृदयाचे ठोके जेमतेम ऐकू येतात, मिनिटाला ६० हूनही कमी. अशा वेळी वॉर्मरभोवतीच्या (बाळाला ऊब देणाऱ्या टेबलाभोवतीच्या) मंडळींचे हात सगळ्यात आधी छातीवर आणि औषधांच्या ट्रेकडे जातात. श्वास देणाऱ्या मास्ककडे लक्ष जातं ते सगळ्यात शेवटी. ही एक सवय मोडली तर खालच्या बहुतेक चुका होणारच नाहीत.

मोठ्या माणसाचं हृदय थांबतं त्याचं मूळ बरेचदा हृदयाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी असते. नवजात बाळाच्या कोरोनरी धमन्या (हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या) मात्र मोकळ्या असतात. प्राणवायू कमी पडला की हृदयाच्या स्नायूतून अ‍ॅडेनोसिन सुटतं, धमन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं आणि त्या रुंदावतात. त्याच वेळी शरीर कातडी, आतडी, मूत्रपिंड यांचं रक्त आवरतं घेऊन मेंदूकडे आणि हृदयाकडे वळवतं. ही सोय थोडा वेळच पुरते. धमन्या पूर्ण रुंदावल्या की हृदयाच्या स्नायूला मिळणारं रक्त महाधमनीतल्या डायस्टोलिक दाबावर (दोन ठोक्यांच्या मधल्या रक्तदाबावर) अवलंबून राहतं, आणि त्या रक्तात प्राणवायू नसेल तर दाब असूनही उपयोग नाही.

छाती वर येत नसताना छाती दाबणं

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. नेहमीचा प्रसंग असा: नाळ आधी बाहेर आलेली, घाईचं सिझेरियन, बाळ निळंपांढरं, ठोके ५०. एक जण मास्कला जोडलेली श्वास देण्याची बॅग दाबतो, दुसरा लगेच छाती दाबायला घेतो. मास्क हनुवटीखाली गळतोय, मान जास्तच मागे वळली आहे, छाती हलत नाही. तिकडे कोणी पाहतच नाही, कारण सगळे मोठ्याने आकडे मोजत असतात. दोन मिनिटांनी हृदयाला चालना देणारं औषध, अ‍ॅड्रेनालीन, मागवलं जातं. मग कोणीतरी खांद्याखाली दुमडलेला कपडा सरकवतं, मास्क नीट बसवतं, छाती वर येते आणि बघता बघता ठोके शंभराच्या पुढे जातात. बाळाला औषध लागलंच नव्हतं. मधली ती मिनिटं मात्र हृदयाने आणि मेंदूने प्राणवायूवाचून काढली.

म्हणून क्रम सोडू नका. मिनिटाला ४० ते ६० श्वास, दाब २० ते २५ सेंमी पाणी, पहिल्या १५ सेकंदांत ठोके वाढतात का ते पाहा. वाढत नाहीत आणि छातीही हलत नाही, तर मास्क पुन्हा बसवा, मान किंचित मागे घ्या, तोंड-नाक साफ करा, तोंड उघडं ठेवा, दाब थोडाथोडा वाढवा (पूर्ण दिवसांच्या बाळात ४० पर्यंत), तरी जमलं नाही तर श्वासनलिकेत ट्यूब किंवा लॅरिंजियल मास्क (घशात बसवायचा मास्क). छाती हलू लागल्यावर ३० सेकंद घड्याळ लावून मोजा. त्यानंतरही ठोके ६० च्या खाली असतील तरच छाती दाबायला घ्या, आणि शक्य असेल तर त्याआधी ट्यूब टाकून घ्या. ‘वेळ नाही’ हे कारण इथे कोणी सांगू नये. वेळ जातो तो गळक्या मास्कमध्ये.

दाबताना सारखं थांबणं

दोन्ही हातांनी छातीला विळखा घालून दोन्ही अंगठ्यांनी दाबा, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल. दोन बोटांनी दाबण्यापेक्षा याने रक्तदाब चांगला तयार होतो. ३ दाब, १ श्वास, म्हणजे मिनिटाला ९० दाब आणि ३० श्वास. डायस्टोलिक दाब एका दाबात तयार होत नाही, दाबामागून दाब देत तो हळूहळू चढतो. थांबलात की घसरतो आणि कोरोनरी धमन्यांतला प्रवाहही त्याच्यासोबत जातो. त्यामुळे दर १० सेकंदांनी ‘बघू या का’ म्हणून थांबू नका, ६० सेकंद सलग करा आणि मगच तपासा. दाबल्यावर छाती पूर्ण वर येऊ द्या, पण अंगठे उचलू नका.

अ‍ॅड्रेनालीनचं पाणी चुकणं

आपल्याकडे मिळणारं १ मिलिचं अ‍ॅम्प्यूल १:१००० (१ मिलित १ मिग्रॅ) असतं. बाळाला द्यायचं असतं १:१०,०००, म्हणजे दहापट पातळ. सगळी गडबड या एका शून्याची आहे. १० मिलिच्या सिरिंजमध्ये १ मिलि अ‍ॅड्रेनालीन, ९ मिलि नॉर्मल सलाइन, वर लेबल. त्यातून नाळेच्या शिरेवाटे ०.२ मिलि प्रति किलो, म्हणजे ३ किलोच्या बाळाला ०.६ मिलि, १ मिलिच्या सिरिंजमध्ये ओढून; मागोमाग ३ मिलि सलाइन. न मिसळता दिलं तर डोस दहापट होतो: रक्तदाब उसळतो, आधीच उपाशी असलेल्या हृदयाची प्राणवायूची मागणी वाढते, कमी दिवसांच्या बाळात मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. ट्यूबमधून द्यायचं तर ०.५ ते १ मिलि प्रति किलो लागतं आणि तरीही ते बेभरवशाचं. म्हणून नाळेच्या शिरेत कॅथेटर (बारीक नळी) २ ते ४ सेंमी, रक्त येईपर्यंत, घालायचा सराव प्रत्येकाला हवाच. धोक्याची डिलिव्हरी असेल तेव्हा सिरिंज आधी भरून, लेबल लावून ठेवलेली बरी.

हे औषध मुळात धमन्या आवळून डायस्टोलिक दाब वाढवतं आणि त्यातून हृदयाला रक्त पोचवतं. फुप्फुसात हवा जात नसेल तर पोचणारं रक्तही रिकामंच.

लगेच १०० टक्के प्राणवायू

गर्भात ३५ आठवडे किंवा जास्त राहिलेल्या बाळाला सुरुवात साध्या हवेने, २१ टक्क्यांवर. १९९८ च्या ‘रिसएअर २’ अभ्यासाने साधी हवा पुरते हे दाखवलं. नंतरच्या एकत्रित विश्लेषणांत साध्या हवेच्या बाजूला मृत्यू कमी निघाले. गुदमरलेल्या पेशीत हायपोझँथिन साचलेलं असतं, प्राणवायूचा लोंढा आला की त्यातून मुक्त मूलकं तयार होतात. ती नायट्रिक ऑक्साइड गिळतात, म्हणजे ज्याच्या जोरावर कोरोनरी धमन्या रुंद होत्या तेच कमी होतं. पहिल्या मिनिटाला ६० ते ६५ टक्के संपृक्तता (रक्तातल्या प्राणवायूचं प्रमाण) नॉर्मल आहे, पाचव्याला ८० ते ८५, दहाव्याला ८५ ते ९५. निळं दिसलं म्हणून नळ उघडू नका. छाती दाबायला घेतली की मात्र १०० टक्के द्या, आणि अंबू बॅगला (श्वास देण्याच्या बॅगला) रिझर्व्हॉयर, म्हणजे प्राणवायू साठवणारी पिशवी, लावला आहे ना ते पाहा. त्याशिवाय तेवढा प्राणवायू बाळापर्यंत पोचत नाही. ठोके सावरले की लगेच कमी करा.

संपृक्तता मोजणारा प्रोब उजव्या हाताला, डाव्या नाही. सोडाबायकार्ब सवयीने देऊ नका. अपगार (जन्मानंतर बाळाची स्थिती सांगणारे गुण) मोजण्यासाठी मिनिटभर वाट पाहू नका.

गुलाबी झालं म्हणजे झालं असं मानणं

ठोके १५० आले की सगळे पांगतात. पण हृदयाच्या आतल्या थराला आणि झडपांना धरणाऱ्या पॅपिलरी स्नायूंना इजा झालेली असू शकते. पुढच्या तासांत ट्रायकस्पिड झडप गळते, यकृत मोठं होतं, रक्तदाब पडतो. इथे सलाइनचे बोलसवर बोलस (एकदम दिलेले मोठे डोस) देणं घातक, कारण दमलेलं हृदय तेवढं पाणी पुढे ढकलू शकत नाही. रक्तस्रावाचा इतिहास असेल, बाळ पांढरंफटक असेल, तर सलाइन १० मिलि प्रति किलो, ५ ते १० मिनिटांत, आणि पुढचा निर्णय इको (हृदयाची सोनोग्राफी) बघून. ईसीजीत एसटी बदल, रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या इजेची खूण), लॅक्टेट (प्राणवायू कमी पडल्याची खूण), साखर हे पहिल्याच दिवशी बघा.

मेंदू जपण्यासाठी बाळाला थंड करून ३३.५ अंश सेल्सियसवर ठेवलं असेल तर ठोके ८० ते १०० वर येणं अपेक्षित आहे. रक्तदाब ठीक, लॅक्टेट उतरतंय, लघवी होतेय, तर ते ठोके वाढवायला डोपामिन (हृदयाला जोर देणारं औषध) सुरू करू नका.