बँकेत नव्याने लागलेल्या मुलींसाठी: कॅशची भीती, कामाचा ताण आणि प्रमोशनचा अर्ज

बँकेत नव्याने लागलेल्या मुली भेटल्या की बहुतेकींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, कॅश कमी आली तर?" पगार, सुट्ट्या, बदली हे सगळं त्यानंतर. मी क्लार्क म्हणून लागले, पुढे ऑफिसर झाले, तालुक्याच्या आणि शहरातल्या दोन्ही प्रकारच्या शाखांत काम केलं. ही भीती मला ओळखीची आहे आणि ती खोटी नाही. कॅश कमी आली तर ती कॅशिअरला स्वतःच्या खिशातून भरावी लागते. जास्त आली तर ती बँकेकडे वेगळी जमा होते, आपल्याकडे राहत नाही. त्यामुळे "काही होत नाही गं" असं सांगून कुणाची समजूत घालू नये असं मला वाटतं.

त्यापेक्षा पैसे नेमके कुठे जातात ते बघू. नोटांच्या बांधलेल्या पाकिटात शंभरच्या जागी नव्याण्णव नोटा निघतात. पैसे देऊन झाले आणि एन्ट्री राहिली. गर्दीत दोन खातेदारांनी एकदम खिडकीत हात घातला आणि एकाची स्लिप दुसऱ्याच्या पैशांबरोबर गेली. कॅश कमी येण्याच्या जागा या अशा मोजक्याच आहेत, आणि प्रत्येक जागेवर एक सवय बसवता येते. एका वेळी एकच व्यवहार, मागचा माणूस कितीही घाई करू दे. आधी मोजणी, मग एन्ट्री. स्लिपच्या मागे नोटांचा तपशील लिहायचा: पाचशेच्या किती, दोनशेच्या किती. पैसे देताना खातेदाराच्या डोळ्यांसमोर मशीनवर दोनदा लावायचे. आणि जेवायला उठण्याआधी ड्रॉवरची टॅली, म्हणजे हातातली कॅश आणि एन्ट्र्या जुळतात का ते, एकदा करून घ्यायची. ही दुपारची टॅली कुणी शिकवत नाही, पण संध्याकाळी फरक आला तर शोधायचे व्यवहार तिच्यामुळे निम्म्यावर येतात.

बनावट नोटेचं तसंच. नवीन मुलगी नोट ओळखते, पण समोरचा आवाज चढवतो आणि ती वाद नको म्हणून नोट परत देऊन टाकते. हे मात्र कधीही करू नका. बनावट नोट खातेदाराला परत द्यायची नसते. तिच्यावर शिक्का मारायचा, रजिस्टरला नोंद करायची आणि देणाऱ्याला पावती द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. एका व्यवहारात चारपर्यंत नोटा सापडल्या तर महिन्याच्या शेवटी पोलिसांना एकत्रित कळवतात, पाच किंवा जास्त सापडल्या तर लगेच एफआयआर. एवढं पाठ असलं की आवाज आपोआप स्थिर होतो. "काका, ही नोट मला परत देता येत नाही, पण तिची पावती देते," हे वाक्य शांतपणे म्हणता येतं, कारण त्यामागे तुमचा स्वभाव नाही, बँकेचा नियम उभा असतो.

हे इतकं तपशिलात सांगितलं, कारण माझं म्हणणं यावरच उभं आहे. नोकरी करणाऱ्या बाईला ताणाबद्दल जो सल्ला मिळतो, तो बहुतेक वेळा तिलाच बदलायला सांगणारा असतो: सकारात्मक राहा, प्राणायाम करा, पहाटे उठा. प्राणायाम चांगलाच आहे. पण त्याआधी ताण कुठून येतोय ते बघायला हवं. काही ताण काम नीट येत नसल्याचा असतो; काम शिकलं की तो जातो. काही ताण दुसऱ्याचं ओझं आपल्या अंगावर पडल्याचा असतो, आणि तो शिकून जात नाही. उलट वाढतो, कारण जिला जमतं तिच्याकडेच आणखी काम येतं. पहिल्या प्रकारात आपण बदलायचं. दुसऱ्या प्रकारात बोलायचं, आणि शक्यतो लेखी बोलायचं.

कुठला ताण कुठला हे सुरुवातीला कळत नाही. त्यासाठी रोज संध्याकाळी एक ओळ लिहा: आज पोटात गोळा कशामुळे आला? डायरी असो, मोबाइल असो, चालेल. काही आठवड्यांनी वाचून बघा. "आरटीजीएसचा फॉर्म चुकला", "केवायसीला कुठलं कागदपत्र चालतं ते आठवलं नाही" अशा ओळी शिकण्याच्या. "परत एकटीलाच थांबवलं", "चहाचं मलाच सांगितलं" या ओळी वेगळ्या. त्या परत परत येत असतील तर तुम्ही कमी पडत नाही आहात, शाखेत कामाची वाटणी बिघडली आहे.

दुसऱ्या प्रकारातली सगळ्यात धोक्याची गोष्ट दिसायला अगदी साधी असते. कुणीतरी सीनियर म्हणतो, "तुझं लॉगिन चालू ठेव, मी दोन एन्ट्र्या मारून घेतो." बँकेत एकाने एन्ट्री करायची आणि दुसऱ्याने ती तपासून पास करायची, हा मेकर-चेकरचा नियम आहे. दोन वेगळी माणसं, दोन वेगळे पासवर्ड, यावरच सगळी सुरक्षितता आहे. तुमच्या आयडीवरून झालेला प्रत्येक व्यवहार तुमच्या नावावर कायमचा राहतो, आणि उद्या चौकशी झाली तर "सर म्हणाले म्हणून" हे उत्तर चालत नाही. नाही म्हणताना भांडावं लागत नाही. "सर, तुम्ही सांगा, मी इथेच आहे, मीच मारते." हे वाक्य घरी आरशासमोर म्हणून बघा. पहिल्यांदा जड जाईल. दोन-तीनदा म्हटलं की समोरचाही विचारायचं थांबतो. स्ट्राँग रूमच्या चाव्या दोघांकडे असतात तेही याच कारणाने. "माझीही चावी तूच घेऊन जा, उद्या मला उशीर होईल" याला होकार देऊ नका, सांगणारा माणूस कितीही चांगला असला तरी.

विक्रीच्या टार्गेटचा ताण मी यातच धरते. एफडी मोडायला आलेल्या आजींना विमा पॉलिसी द्या, असं तोंडी सांगितलं जातं, आणि रात्री झोप येत नाही ती त्या आजींच्या चेहऱ्यामुळे. माझं मत स्पष्ट आहे: ज्याला गरज नाही त्याला विकू नये. आकडा कमी आला तर मिटिंगमध्ये बोलणी बसतात, ती सहन होतात. पण पॉलिसी घ्यायलाच हवी अशा घरातही आपण संकोचाने बोलत नाही, तिथे मात्र बोलावं. हप्ता किती वर्षं भरायचा, मध्येच थांबवला तर काय होईल, आणि पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, हे तीनही सांगून विका. असा विकलेला कागद नंतर छळत नाही.

शरीराबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून बोलते. लहान गावच्या कितीतरी शाखांत बायकांसाठी धड स्वच्छतागृह नसतं. मग आपण पाणीच पीत नाही. सकाळी दहा ते संध्याकाळपर्यंत दोन घोट. त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग, डोकेदुखी, चिडचिड, आणि ती चिडचिड आपण "माझाच स्वभाव तापट" म्हणून स्वतःच्या माथी मारतो. शाखेत रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यातच स्वच्छतागृह, कडी, पाणी, दिवा यांबद्दल मॅनेजरना मेल करा. मागणी लाजिरवाणी नाही. शाखेच्या देखभालीचा खर्च मंजूर होतो, मागणारं कुणी नसतं एवढंच. आणि ८ मार्च २०२४ ला झालेल्या बँकांच्या वेतन करारात महिला कर्मचाऱ्यांना महिन्यातून एक दिवस डॉक्टरच्या दाखल्याशिवाय आजारपणाची रजा घेता येईल अशी तरतूद आहे. ती रजा घ्या. पाळीच्या दिवशी गोळी खाऊन काउंटर सांभाळण्याचं कुठेही बक्षीस मिळत नाही.

एक गोष्ट इथे थांबून सांगावीशी वाटते. आपण दिवसभर लोकांची खाती सांभाळतो, नॉमिनी लिहून घेतो, एटीएमचा पिन कुणाला सांगू नका म्हणतो. आणि आपल्यातल्याच किती जणींचं एटीएम कार्ड घरी वडिलांकडे, नवऱ्याकडे, सासऱ्यांकडे असतं! खर्चाला दोनशे रुपये मागून घेणाऱ्या बँक क्लार्क मी पाहिल्या आहेत. नात्यात दुरावा आणायचा नाही, घरखर्चात वाटाही जरूर द्या. पण पगार आला की ठरलेली रक्कम घरी ट्रान्सफर करायची, आणि कार्ड, पिन, पासबुक स्वतःकडे. एक रिकरिंग, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची ठेव, फक्त स्वतःच्या नावाने. तिचा उपयोग काय करायचा ते नंतर ठरवा. हातात सहा महिन्यांचा खर्च जमला की बदलीची भीती निम्मी होते, वरिष्ठांसमोर मान सरळ राहते. याहून खात्रीचा उपाय मला माहीत नाही.

घरच्या कामाची वाटणी हे लांबलचक प्रकरण आहे आणि प्रत्येक घर वेगळं. माझा अनुभव एवढाच, की "मदत करा" म्हटलं की कुणी करत नाही. काम नेमकं द्यावं लागतं: मुलाचा डबा तुझा, सकाळचं दूध तुझं, आईंची गोळी तुझी. आणि एकदा दिल्यावर ते कसं झालं हे बघायला जायचं नाही. पोळी जाड झाली तरी चालेल. मार्च एंडिंगला हे बोलायला बसू नका, जानेवारीतच बोला.

कुणाची नजर, कुणाचा स्पर्श, रात्री उशिराचे मेसेज, याचा ताण येत असेल तर तो वर सांगितलेल्या कुठल्याही डायरीत जिरवायचा नसतो. राजस्थानातल्या भंवरी देवींच्या प्रकरणातून कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल सुप्रीम कोर्टाचा विशाखा निकाल आला तो १९९७ मध्ये, आणि त्यावर कायदा झाला २०१३ मध्ये. इतक्या बायकांच्या झगड्यानंतर हा मार्ग तयार झाला आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या संस्थेत अंतर्गत समिती असावीच लागते, तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला असते, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत आणि एक सदस्य बाहेरची असते. आपली शाखा पाच जणांची असली म्हणून समिती नाही असं समजू नका. विभागीय कार्यालयाच्या समितीकडे चौकशी करा. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची, योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. मेसेज पुसू नका, तारखा लिहून ठेवा, आणि शाखेतल्या निदान एका व्यक्तीला त्याच आठवड्यात सांगा.

आणि जर झोप उडाली असेल, सकाळी बँकेत जायच्या नुसत्या विचाराने रडू येत असेल, जगणं नको वाटत असेल, तर १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेली मानस सेवा आहे, मोफत आहे, दिवसरात्र चालू असते आणि मराठीतून बोलता येतं. ताप आल्यावर डॉक्टरकडे जातो, तसंच हे.

आता प्रमोशन. क्लार्क मुलींशी बोलताना माझा जीव सगळ्यात जास्त इथे तुटतो. चांगल्या, चोख काम करणाऱ्या मुली ऑफिसरच्या परीक्षेचा अर्जच भरत नाहीत. कारण एकच, बदली. प्रमोशन म्हणजे गाव सुटणार, मूल लहान, सासूबाई आजारी. ही कारणं खरी आहेत. पण निर्णय अर्जाच्या पायरीवरच घेतला जातो, घरात न बोलता, आणि बहुधा आपणच घेतो. माझा आग्रह असा, की अर्ज भरा, परीक्षा द्या, मुलाखतही द्या. निकाल हातात आल्यावर घरात बसून बोला. तेव्हा प्रश्न खरा असतो, शाखा कुठली, किती लांब, एसटी आहे का, पाळणाघर आहे का, आणि त्याला खरी उत्तरं शोधता येतात. अर्थ मंत्रालयाने २०१४ मध्ये सरकारी बँकांना सूचना दिली होती, की विवाहित महिला कर्मचाऱ्यांना पतीच्या आणि अविवाहितांना आईवडिलांच्या गावी किंवा शक्य तितकं जवळ ठेवण्याचा विचार व्हावा. जागा मिळेलच अशी खात्री ती देत नाही, पण विनंती अर्जात तिचा उल्लेख जरूर करा.

तयारीसाठी जेएआयआयबी या बँक कर्मचाऱ्यांसाठीच्या परीक्षेपासून सुरुवात करा. चार पेपर आहेत, आणि पास झाल्यावर पगारवाढही मिळते, त्यामुळे घरच्यांना पटवणं सोपं जातं. रोज दोन तास मिळणार नाहीत. सकाळी घर उठण्याआधीची पंचेचाळीस मिनिटं आणि रविवारी दुपार, एवढ्यावर होतं. वर्षाचं ध्येय एकच ठेवा. पेपर, गाडी शिकणं, वजन कमी करणं, घर बांधणं हे सगळं एकाच वर्षात मांडलं की दिवाळीपर्यंत मन खचतं.

मुलाखतीची भीती बहुधा इंग्रजीची असते. साताऱ्याच्या म्हसवडमध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली, तेव्हा बायका अंगठेबहाद्दर म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला होता. बायका लिहायला-वाचायला शिकल्या, परत गेल्या, आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या की व्याजाचा हिशेब आम्हाला तोंडी विचारून बघा. १९९७ मध्ये बँक सुरू झाली. तुम्हीही मुलाखतीला जाताना स्वतःचा हिशेब घेऊन जा: किती पीककर्जांचं नूतनीकरण केलं, थकीत खात्यांपैकी किती मार्गी लावली, किती बचत गट जोडले. एका कागदावर आकडे लिहा आणि त्यावरच बोला. इंग्रजी वाक्य अडलं तर मराठी किंवा हिंदीत पूर्ण करा, माहिती पक्की असली की ऐकणारे ऐकतात.

प्रमोशन नाकारलं तर पुन्हा केव्हा बसता येतं, याचा नियम प्रत्येक बँकेत वेगळा आहे. तो ऐकीव माहितीवर सोडू नका. तुमच्या बँकेचं प्रमोशनचं सर्क्युलर उघडा, पात्रतेची वर्षं, नाकारण्याचं कलम आणि अर्जाची शेवटची तारीख या तीन गोष्टी वहीत उतरवून घ्या, आणि तारीख जवळ असेल तर आजच फॉर्म भरायला घ्या.