फावडे अडले म्हणजे खडक लागला असे नाही: खान्देशातल्या डोंगरउतारावरची रानमाती कशी नोंदवावी

खान्देशात माती म्हटले की डोळ्यांसमोर येते ती तापीकाठची काळी, केळीची. तिथे पाच फूट खड्डा घेणे दुपारचे काम. उतारावरच्या अंजन-सालईच्या रानात मात्र वीतभर खाली पहार ठणकते आणि वहीत 'बरड, खडकाळ, उथळ' एवढे तीन शब्द लिहून माणूस डोंगर उतरतो. नोंद खोटी नसते, पण कुठले झाड जगेल, किती पाणी मुरेल, यातले काहीच तिच्यावरून सांगता येत नाही.

अशा मातीचे वर्गीकरण मुख्यतः दोन आकड्यांवर ठरते. सलग कठीण खडक नेमका किती सेंटिमीटरवर आहे, आणि त्याच्या वरच्या भागात दगड वजा जाता माती किती उरते. रंग, पोत, चुना हे सगळे त्यानंतर. चुकाही याच दोन आकड्यांत सर्वांत जास्त होतात, म्हणून पुढे त्यांच्यावरच जास्त वेळ घालवला आहे.

आधी जागा आणि वेळ

वनजमिनीत खड्डा घ्यायला वनविभागाची परवानगी लागते. यावल किंवा गौताळा औट्रमघाटसारख्या अभयारण्यात नियम आणखी कडक. सामूहिक वनहक्काचे रान असेल तर ग्रामसभेला विचारा. गुरे चारणाऱ्यांशी दहा मिनिटे बोलणेही फायद्याचे असते. कुठल्या टप्प्यावर गवत उशिरा वाळते हे त्यांना पाठ असते, आणि गवत उशिरा वाळते तिथे बहुधा माती खोल असते.

ऑक्टोबर-नोव्हेंबर हा सर्वांत चांगला काळ. ओल असते, ढेकळे हाताने सुटतात, थरांच्या कडा दिसतात. एप्रिल-मेमध्ये भेगा छान दिसतात, पण वणव्यात पालापाचोळा जळून गेलेला असू शकतो. मग पानांच्या थराची नोंद शून्य येते आणि ती मातीची नसून आगीची नोंद ठरते.

दख्खनच्या बसाल्टचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे असतात. उभा कडा, मग सपाट टप्पा, पुन्हा कडा. चाळीसगावच्या दक्षिणेला पाटणादेवीकडे पाहिले तरी हे लगेच कळते. एका डोंगराला एक खड्डा म्हणून पुरत नाही. माथा, मधला उतार, टप्पा आणि पायथा अशा किमान चार जागा घ्या. शक्य असेल तर मधल्या उतारावर एक खड्डा झाडाच्या सावलीत आणि एक उघड्यावर घ्या. चार-पाच मीटरच्या अंतरात मातीचा वर्ग बदलू शकतो. तो कसा, ते पुढे येईल.

धुळे-नंदुरबारकडे डोलेराइटच्या (भेगांमध्ये लाव्हा थिजून झालेल्या घट्ट खडकाच्या) भिंतींसारख्या लांबच लांब रांगा आहेत. तिथे खड्डा रांगेवर आहे की तिच्या बाजूच्या बसाल्टवर, हे लिहायला विसरू नका. सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा-यावल-रावेरच्या पट्ट्यात, डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचे जाड थर आहेत. तिथे दगड भरपूर असतात, पण ते गोलसर असतात आणि कितीही खणले तरी मूळ खडक लागत नाही. उतारावर जागच्या जागी झालेल्या मातीतले दगड कोनाकोनाचे असतात. दगड गोल की टोकदार, हा एक शब्द नोंदीत असला तरी वाचणाऱ्याला अर्धी गोष्ट कळते.

पृष्ठभाग

खणण्याआधी उताराला आडवी २० मीटरची टेप टाका. दर २० सेंटिमीटरला टेपखाली काय आहे ते लिहा: सुटा दगड, उघडा खडक, पाला, गवत की उघडी माती. १०० बिंदू होतात, म्हणजे आकडा थेट टक्क्यांतच मिळतो. सुटा दगड आणि उघडा खडक एकाच रकान्यात घालू नका. सुटा दगड पावसाचा मारा अडवतो, खडकावरून मात्र पाणी सरळ धावते.

उताराची टक्केवारी आणि दिशा लिहा. दक्षिणेकडे तोंड केलेले उतार लवकर तापतात आणि वाळतात. त्यांची उत्तरेच्या उतारांशी सरसकट सरासरी काढू नये.

खड्डा

एक मीटर लांब, पाऊण मीटर रुंद पुरे. जी भिंत वाचायची ती वरच्या अंगाची. त्या बाजूला कुणी उभे राहू नये आणि उकरलेली माती खालच्या अंगाला टाकावी, काळी वेगळी, मुरूम वेगळा. भिंत फावड्याने तासली की चिकण माती लिंपली जाते आणि सगळे एकसारखे दिसू लागते. म्हणून शेवटी चाकूच्या टोकाने ढेकळे उचकटून भिंत मोकळी करा.

खोली मोजायला शून्य कुठे धरायचा? पाल्याच्या वर नाही, खनिज माती सुरू होते तिथे. पाल्याची जाडी वेगळी लिहा. टेप उभी धरली की उताराला काटकोनात, हेही लिहून ठेवा. ३० टक्के उतारावर उभे ५० सेंटिमीटर म्हणजे काटकोनात ४८. फरक किरकोळ वाटतो, पण वर्गाची सीमा नेमकी ५० वर आहे.

खडक, मुरूम की नुसता दगड

फावडे अडले की तीन शक्यता असतात. मोठा सुटा दगड असेल तर पहार त्याच्या कडेने घुसते आणि तरफ दिली की तो हलतो. मुरूम असेल तर आवाज भद्द येतो आणि टिकावाने, कष्टाने का होईना, तो खणता येतो. सलग खडक असेल तर पहार ठण्ण वाजून उडते आणि आजूबाजूला सगळीकडे तसाच आवाज येतो. एकाच जागी वाजवून निकाल देऊ नका. खड्ड्याच्या तळाला किमान पाच ठिकाणी वाजवा.

आपल्याकडे वापरात असलेल्या अमेरिकी मृदा वर्गीकरणात कठीण खडकाच्या वरच्या सीमेला लिथिक सीमा म्हणतात आणि खणता येणाऱ्या कुजक्या खडकाच्या सीमेला पॅरालिथिक. लिथिक म्हणायचे तर मुळे शिरतील अशा भेगा एकमेकींपासून १० सेंटिमीटर किंवा त्याहून दूर हव्यात. म्हणून तळ झाडून, पाणी शिंपडून भेगांमधले अंतर मोजा. अंजनाची मुळे भेगेत पापडासारखी चपटी होऊन उतरलेली दिसतात. ती किती दाट आहेत हेही लिहा, कारण अशा रानात झाडाचे खरे कोठार कधीकधी त्या भेगाच असतात.

५० सेंटिमीटरच्या आत लिथिक सीमा लागली तर मातीच्या नावाआधी 'लिथिक' लागते. त्याच खोलीला मुरूम असेल तर 'लिथिक' लागत नाही, खालच्या पातळीवर 'शॅलो' असा शेरा येतो. मुरमाला खडक लिहिले की नाव चुकते आणि ज्या जागी मुळे खाली जाऊ शकली असती ती जागा कागदावर निकामी ठरते.

दोन थरांमध्ये लाल भाजल्यासारखा मातकट पट्टा दिसला तर तो मातीचा लाल थर समजू नका. लाव्हाच्या दोन प्रवाहांमधला तो लाल बोल, खडकाचाच भाग आहे. मांजऱ्या खडकातले, म्हणजे पोकळ्यांत खनिजे भरलेल्या बसाल्टमधले, पांढरे ठिपकेही असेच फसवतात. त्याची परीक्षा पुढे.

दगड किती

२ मिलिमीटरवरचे सगळे दगड. ७५ पर्यंत खडी, ७५ ते २५० गोटे, २५० ते ६०० धोंडे, त्यापुढे शिळा. दोन्ही हातांनी दाबून जो फुटतो तो दगड नव्हे. तो कुजका तुकडा वेगळा लिहा.

मोठ्या दगडांसाठी ५० बाय ५० सेंटिमीटरची लाकडी चौकट करा आणि दर ५ सेंटिमीटरवर दोऱ्या ताणा. १०० घरे होतात. चौकट भिंतीला लावून ज्या घरांच्या मध्यावर दगड आहे ती मोजा. भिंतीवरचे क्षेत्र आणि आतले आकारमान यांचे प्रमाण एकच धरता येते. नजरेने अंदाज करू नका. नजर धोंड्यांवर खिळते आणि बारीक खडी निसटते.

बारीक खडीसाठी थरातली १० किलो माती चाळा. आपली बसाल्टची माती चिकण, खडीला चिकटून बसते. कोरडी चाळली तर चिकटलेली माती दगडाच्या वजनात जाते. म्हणून खडी पाण्याने धुऊन, वाळवून तोला आणि धुतलेली माती मातीच्या वजनात धरा.

इथेच सर्वांत मोठी गल्लत होते, कारण काटा वजन सांगतो आणि वर्गीकरणाला आकारमान लागते. समजा १० किलोत ६ किलो दगड निघाले. घट्ट बसाल्टची घनता लिटरमागे सुमारे २.८ किलो, म्हणजे दगडांनी २.१४ लिटर जागा घेतली. उरलेली ४ किलो माती १.३ घनतेने ३.०८ लिटर. दगडांचा वाटा ४१ टक्के. वजनाने ६०, जागेने ४१. दगड सच्छिद्र असतील तर २.८ धरू नका. काही तुकडे भरल्या भांड्यात बुडवून सांडलेले पाणी मोजा.

मातीची घनताही इथे साध्या नळीने निघत नाही, नळी दगडावर वाकते. लहान खळगा करा, निघालेले सगळे जपून ठेवा, खळग्यात पातळ प्लॅस्टिक अंथरून काठोकाठ मोजून पाणी भरा. खळगा तीन लिटरच्या आसपास ठेवा, नाहीतर एखाद्याच दगडाने हिशेब बिघडतो.

दगडांचा जागेने ३५ टक्के वाटा ही महत्त्वाची रेषा. तिथून पुढे माती 'स्केलेटल', म्हणजे दगडांनी भरलेली. माती-भागात चिकणमाती ३५ टक्क्यांहून कमी असेल तर लोमी (मध्यम पोताची) स्केलेटल, जास्त असेल तर क्लेयी-स्केलेटल, हलक्या वाळूची असेल तर सँडी-स्केलेटल. बारीक माती १० टक्क्यांहूनही कमी असेल तर फ्रॅगमेंटल, म्हणजे जवळजवळ नुसते दगड. ही सरासरी ठराविक खोलीची काढायची असते. खडक ३६ सेंटिमीटरच्या आत असेल तर पृष्ठभागापासून खडकापर्यंत, खोल असेल तर २५ पासून १०० पर्यंत किंवा मध्ये खडक लागेल तिथपर्यंत.

थर वाचणे

रंग मुनसेल पुस्तिकेवर (रंगांच्या क्रमांकित नमुन्यांशी ताडून), ओला आणि कोरडा दोन्ही, उन्हात पण गॉगल न लावता. पोत बोटाने: ओल्या मातीची अंगठा-तर्जनीतून पट्टी काढा. २.५ सेंटिमीटरच्या आत तुटली तर लोम, २.५ ते ५ टिकली तर चिकण लोम, त्यापुढे चिकण. आधी खडी वेचून काढा, नाहीतर पट्टी तुटते ती खड्यामुळे.

चुन्यासाठी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल: अकरा भाग पाण्यात एक भाग तीव्र आम्ल, आणि आम्ल पाण्यात ओतायचे, उलट कधीच नाही. थेंब आधी नुसत्या मातीवर टाका, मग दगड फोडून आतल्या पांढऱ्या ठिपक्यावर. ठिपका झिओलाइट खनिजाचा असेल तर फसफसत नाही, कॅल्साइटचा म्हणजे चुन्याचा असेल तर फसफसतो. दगड फसफसला आणि माती शांत राहिली तर माती चुनखडीची नाही.

आता सावलीची गोष्ट. झाडाखाली काळपट, कणीदार, मुळांनी भरलेला थर थेट खडकावर बसलेला असतो. अशा वेळी गडद थराची जाडी १० सेंटिमीटर पुरते. मुनसेलच्या आकड्यांत ओला रंग ३ किंवा त्याहून गडद, छटा (रंगाचा चटकपणा) ३ किंवा कमी, सेंद्रिय कर्ब किमान ०.६ टक्का असेल तर माती मॉलिसॉल (गडद, कसदार वरच्या थराची), पूर्ण नाव लिथिक हॅप्लुस्टॉल. शेजारच्या उघड्यावर तोच थर धुऊन ५ सेंटिमीटर उरला असेल तर एन्टिसॉल (थर न घडलेली कोवळी माती), पूर्ण नाव लिथिक उस्टॉर्थेन्ट. मात्र बसाल्टची माती मुळातच काळी असते. काळी दिसली म्हणून कर्ब आहे असे धरू नका, प्रयोगशाळेतून आकडा आणा.

टप्प्यांवर आणि पायथ्याला भेगा व चकचकीत घासलेली ढेकळे दिसली तर खोल काळ्या मातीकडे, व्हर्टिसॉलकडे वाटचाल आहे. तिथे वर्गीकरणाच्या किल्लीत (क्रमाने तपासायच्या अटींच्या यादीत) व्हर्टिसॉल आधी तपासा, मग मॉलिसॉल, मग इन्सेप्टिसॉल (थर घडू लागलेली माती), शेवटी एन्टिसॉल.

एक नोंद, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा मधला उतार, २८ टक्के, दक्षिणेकडे. वर ३ सेंटिमीटर पाला. ० ते ११ ए थर (सर्वांत वरचा): ओला रंग १० वायआर ३/२ (३ गडदपणा, २ छटा), चिकण लोम, चिकणमाती २८ टक्के, दगड ३० टक्के, फसफस नाही. ११ ते ३१ बीडब्ल्यू थर (त्याखालचा, घडू लागलेला): ७.५ वायआर ३/४, कोनेरी ढेकळे, चिकणमाती ३२, दगड ४५. ३१ ला सलग खडक, भेगांमधले अंतर १५ ते २० सेंटिमीटर.

गडद थर ११ सेंटिमीटरचाच आहे आणि तो थेट खडकावर नाही, म्हणून मॉलिसॉल नाही. बीडब्ल्यू २० सेंटिमीटर जाड आहे, १५ हवे होते. त्याचा तळ ३१ वर, २५ च्या खाली हवा होता. दोन्ही अटी बसल्या, म्हणून इन्सेप्टिसॉल. हाच थर २२ वर संपला असता तर ढेकळे कितीही छान असोत, तो एन्टिसॉल ठरला असता. खडक ५० च्या आत, म्हणून लिथिक हॅप्लुस्टेप्ट. दगडांची सरासरी ११ गुणिले ३० अधिक २० गुणिले ४५, भागिले ३१, म्हणजे जवळजवळ ४०. लोमी-स्केलेटल.

कर्बाचा साठा काढताना दगड वजा करायला विसरू नये. १.२ टक्के कर्ब, १.२ घनता, २० सेंटिमीटर खोली म्हणजे हेक्टरी २८.८ टन. ४० टक्के दगड वजा केले की १७.३. पाण्याचेही तसेच. ४० सेंटिमीटर माती १५ टक्क्यांनी ६० मिलिमीटर पाणी धरते असे वाटते, दगडांसह ती ३६ च धरते. रोप लावणाऱ्याला हा ३६ चा आकडा द्या.

नमुने घेताना खालच्या थरापासून वर या, म्हणजे वरची माती खालच्या पिशवीत पडत नाही. प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी आत, एक बाहेर, पेन्सिलने लिहिलेली. मग खड्डा त्याच क्रमाने बुजवा: आधी मुरूम, मग काळी माती, वर पाला, आणि गुरांच्या वाटेत असेल तर माती पायाने दाबून थोडा उंचवटा ठेवा, पहिल्या पावसात तो बसतो.