छोट्या साहित्यिक नियतकालिकाला कविता-कथा पाठवताय? या चुका टाळा

‘साभार परत’ आलं की लिखाणच पडलं, असं धरून चालू नका. एका लघुनियतकालिकाचं काम काही वर्षं केल्यावर सांगतो, बरंच चांगलं लेखन पाठवण्याच्या पद्धतीतच जखमी होतं. त्यातही कविता जास्त.

पहिला घोळ ओळीच्या लांबीचा. तुम्ही ए-फोर पानावर टाइप करता, तिथे ओळीला सव्वासहा इंच जागा असते. अंक डेमी आकाराचा, म्हणजे पान साडेपाच बाय साडेआठ इंचांचं. समास सोडले की हातात जेमतेम चार इंच. आता ही ओळ घ्या:

आई गेली त्या दिवशीसुद्धा घरातली सगळी घड्याळं नेहमीसारखी चालू

डेमी पानावर तेरा पॉइंटाच्या अक्षरात लावली की शेवटचा ‘चालू’ एकटाच खाली घसरतो. एका श्वासात, जवळजवळ कोरडेपणानं सांगितलेली गोष्ट एकदम नाटकी होते. वाचकाला वाटतं, कवीनंच तो शब्द तोडलाय. असा एक अपघात माझ्या हातून छापून गेला होता. कवीनं फोनवर एवढंच विचारलं, “ही ओळ तुम्ही लिहिली का?”

1954मध्ये सुरू झालेलं ‘शब्द’ हे लघुनियतकालिक सायक्लोस्टाइल करून, म्हणजे स्टेन्सिलच्या मेणकागदावर मजकूर टाइप करून त्यावरून प्रती काढून, निघायचं. स्टेन्सिल भरतानाच ओळ कुठे संपते ते दिसायचं. आज ते दिसत नाही, म्हणून पाठवण्याआधी वर्डमध्ये पानाचा आकार बदलून कविता एकदा बघा. ओळ मावत नसेल तर कुठे मोडलेली चालेल ते कळवा. उरलेला तुकडा आत सरकवून लावता येतो. व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या कवितेत कडव्यांमधली जागा राहीलच याची खात्री नसते. सोबत पीडीएफ जोडा, म्हणजे ताडून पाहता येतं.

फॉन्ट युनिकोडच हवा. जुन्या फॉन्टमधली फाइल आमच्याकडे इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन उघडते. रूपांतर केलं तर रफार आणि पहिली वेलांटी हमखास जागा बदलतात, तेव्हा ‘सूर्य’, ‘स्थिती’ असे शब्द शोधून तपासा.

कथेचं दुखणं वेगळं. डेमी पानावर साधारण 300 शब्द बसतात. नऊ हजार शब्दांची कथा तीस पानं खाते आणि आमचा अंक असतो सोळा-सोळा पानांच्या चार फॉर्मांचा, 64 पानी. कथा कितीही आवडली तरी निम्मा अंक कुणाला देणार? आधी दोन अंक वाचा, कथा किती लांबीच्या येतात ते पाहा.

आणि शेवट. शेवटचा परिच्छेद हातानं झाकून कथा वाचून बघा. ती तिथेच संपली असेल, तर झाकलेला मजकूर बहुधा लेखकाचं स्पष्टीकरण असतं. “त्याला आज पहिल्यांदाच कळलं की...” दिसलं की माझी पेन्सिल आपोआप उचलली जाते. (माझ्या स्वतःच्या कथांवर मात्र उचलली जात नाही, ते सोडा.)

एकच कथा चार दिवाळी अंकांना पाठवलीत तर निदान सांगा तरी. प्रुफं वाचून झाल्यावर ‘ती दुसरीकडे लागली’ असा निरोप आला, की दहा पानांचं भगदाड रात्रीत बुजवावं लागतं. असल्या वेळी माझी ठेवणीतली दोन परीक्षणं कामाला येतात, आणि ती तितकीशी बरी नाहीत.