ट्यूबलाइटच्या उजेडावर चालणारा आर्द्रतेचा सेन्सर

ठाण्यात जुलै लागला की कपाटातली पुस्तकं बुरसायला लागतात. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर रेंगाळली की बुरशी धरतेच. नौपाड्याच्या घरी वडिलांनी जमवलेली पुस्तकं वाचवायची म्हणून मी काचेच्या कपाटात एक छोटा सेन्सर ठेवलाय. त्याला ना वायर, ना सेल. खोलीतला उजेड त्याला पुरतो.

असा सेन्सर करायचा तर आधी विजेचा खर्च मोजा, उजेडापासून वीज करणारं सौर पॅनेल मागाहून घ्या. वायफाय नकोच, ईएसपी३२ ही वायफाय चिप संदेश पाठवताना २०० मिलिअँपियरच्या आसपास ओढते. एनआरएफ५२८३२ ही ब्लूटूथ चिप झोपेत साधारण २ मायक्रोअँपियरवर (मायक्रो म्हणजे मिलिचा हजारावा भाग) भागवते. व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या एमसीपी१७०० रेग्युलेटरचे १.६ धरा. आर्द्रता मोजणारा बीएमई२८० सेन्सर झोपेत जवळजवळ काहीच घेत नाही. दर १० मिनिटांनी एक नोंद पाठवली तर सरासरी ४ मायक्रोअँपियर. बोर्डावरचा पॉवर एलईडी मात्र आठवणीने काढा, तो एकटाच याच्या कितीतरी पट खातो.

साठवणीला १ फॅरडचा, ५.५ व्होल्टचा सुपरकपॅसिटर. खरी मेख इथे आहे, गळतीत: काही न जोडताही त्यातली वीज हळूहळू झिरपते. तो दोन दिवस ५ व्होल्टच्या चार्जरवर १०० ओहमच्या रोधातून लावून ठेवा, मग सोडवा. २४ तासांत ०.४३ व्होल्ट उतरला, तर गळती ५ मायक्रोअँपियर, म्हणजे सेन्सरच्या खर्चाहून जास्त! ५ व्होल्टपासून ३ पर्यंत उतरताना तो २ कूलंब विद्युतभार देतो. गळती नसती तर तेवढ्यावर पावणेसहा दिवस निघाले असते. गळती धरून अडीचच निघतात. म्हणून दोन-तीन कपॅसिटर तपासून त्यातला कमी गळणारा लावा.

पॅनेल कॅल्क्युलेटरवर असतं त्या जातीचं, अमॉर्फस सिलिकॉनचं. गच्चीवरच्या पॅनेलचं सिलिकॉन घरातल्या मंद उजेडात ढेपाळतं. जिथे बसवणार तिथेच धरून, रात्री दिवा लावून, मल्टिमीटरने शॉर्ट सर्किट करंट (मीटर थेट पॅनेलच्या दोन टोकांना लावून मिळणारा) बघा. दिवा ६ तास जळत असेल, तर सेन्सरचे ४ आणि गळतीचे ५ अशा दिवसभराच्या ९ मायक्रोअँपियरसाठी त्या वेळात किमान ३६ मिळायला हवेत. मी ५० च्या खाली घेणार नाही. खिडकीतल्या उन्हात पॅनेलचा मोकळा, म्हणजे काही न जोडता मोजलेला, व्होल्टेज ५.५ ओलांडत नाही ना, तेही पाहा. पॅनेल आणि कपॅसिटरच्या मध्ये साधा १एन४१४८ डायोड लावा, म्हणजे अंधारात साठा उलटा पॅनेलकडे वाहणार नाही.

गणपतीला गावी जायचं असेल आणि घर बंद राहणार असेल, तर कपाटासमोरच्या खिडकीचा पडदा उघडा ठेवून जा. पावसाळी दिवसाचा उजेडही ट्यूबलाइटइतका पुरतो.