किड्यांच्या व्हायरसची क्रिस्टलं करायची आहेत? आधी थेंब लावायला शिका

दरवर्षी गोव्यातली दोन-तीन पोरं विचारतात की स्ट्रक्चरल बायोलॉजीत, म्हणजे प्रोटीन नि व्हायरसची अणूंपर्यंतची रचना शोधायच्या शास्त्रात यायचंय, गणित किती लागतं? यातली जुनी वाट म्हणजे क्रिस्टलोग्राफी: आधी क्रिस्टल करायचं, त्यावर एक्स-रे मारायचे आणि डिटेक्टरवर पडणाऱ्या ठिपक्यांवरून रचना काढायची. गणित शिकता येतं रे. हात बसायलाच वेळ लागतो, आणि ते कोणी सांगत नाही.

मी फोंड्याचा. लॅबमध्ये पहिले चार महिने नुसता लायसोझाइम केला, अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रोटीन, मिठाच्या द्रावणात एका रात्रीत क्रिस्टल देतं. काचेवर एक मायक्रोलिटर प्रोटीन, त्यात खालच्या वेलमधलं (प्लेटच्या खळग्यातलं) द्रावण एक मायक्रोलिटर, मग काच उलटी करून ग्रीसवर दाबायची. ग्रीसमध्ये केसाएवढी फट राहिली तरी सकाळी थेंबावर साय.

व्हायरसला मात्र आधी शुद्ध करावं लागतं. साखरेच्या ग्रेडियंटमध्ये (वर पातळ, खाली दाट होत जाणारं द्रावण) सेंट्रिफ्यूज करून ट्यूबवर वरून टॉर्च मारली आणि निळसर पांढरा पट्टा दिसला, तो दिवस मी अजून विसरलो नाही. पट्टा धूसर असेल तर पुढे जाऊच नका, परत करा. आणि पावसाळ्यात बॅकअपची चौकशी करा, माझी तीन महिन्यांची क्रिस्टलं दोन रात्री वीज गेली आणि 20 डिग्रीचा इनक्युबेटर तापला म्हणून तडकली, फार रडू आलं होतं.

आता यातली खरी गंमत. लायसोझाइमचा युनिट सेल, म्हणजे क्रिस्टलमध्ये परत परत येणारा सगळ्यात छोटा डबा, 79 बाय 79 बाय 38 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), व्हायरसचा 300च्या वर जातो, त्यामुळे डिटेक्टरवर ठिपके एकमेकांना खेटून आणि फिके येतात. पण व्हायरसचं कवच आयकोसाहेड्रल, म्हणजे वीस त्रिकोणी बाजूंच्या ठोकळ्यासारखं, एकच तुकडा 60 वेळा. चवथीला घुमट (मातीचं वाद्य) वाजवत आरती म्हणताना एखाद्याचा शब्द चुकला तरी बाकीच्यांच्या आवाजात तो कळत नाही ना, तसंच त्या 60 तुकड्यांची सरासरी काढली की चुका पुसल्या जातात आणि फेज सुधारतात (फेज म्हणजे लहरींची ती माहिती जी ठिपक्यांत थेट मिळत नाही, पण रचना काढायला लागते). ब्लॅक बीटल व्हायरस या किड्यांच्या व्हायरसची 3 अँगस्ट्रॉमपर्यंत बारकाईची रचना 1987 साली आली, कवचात एकाच प्रोटीनच्या 180 प्रती, आणि त्या पेपरवर पहिलं नाव होसूर, आपल्या भारतातले! तो पेपर हळूहळू वाचाच.

आज बहुतेक व्हायरसच्या रचना क्रायो-ईएमने (गोठवलेल्या नमुन्याचे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने फोटो काढून) होतात, तेही शिका. पण रेशीमकिड्याचा एक व्हायरस पेशीतच स्वतःभोवती प्रोटीनचे बारीक क्रिस्टल करतो, 2007 मध्ये त्यांवरच थेट एक्स-रे मारून रचना काढली, म्हणून क्रिस्टलोग्राफी सोडू नका असंच मी म्हणेन.

नेट किंवा गेटचा अभ्यास चालू ठेवा, इंदूरच्या इंडस-2 या सिंक्रोट्रॉनवर (जोरदार एक्स-रे देणारं मोठं यंत्र) प्रोटीनची बीमलाइन, म्हणजे क्रिस्टलवर एक्स-रे मारायची जागा, आहे हेही लक्षात असू द्या. तोवर कॉलेजात सरांना विचारून लायसोझाइमचे 24 थेंब लावून बघा.