घरचे आच्छादन: यंत्र सुरू करण्याआधी काय जमवावे

छाटलेल्या फांद्यांचे आणि पालापाचोळ्याचे, झाडांभोवती मातीवर पसरायचे आच्छादन घरीच करायचे ठरले की सगळे लक्ष श्रेडरकडे, म्हणजे फांद्यांचा चुरा करणाऱ्या यंत्राकडे जाते आणि तो उघडण्याची ॲलन की, म्हणजे षटकोनी खाचेच्या स्क्रूंची किल्ली, कोणाच्याच यादीत नसते. गेल्या खेपेस माझ्याही यादीत नव्हती, म्हणून या वेळी तिचा मान पहिला. पात्यांच्या स्क्रूंना नेमकी बसेल अशा मापाची की, आणि जमल्यास पात्यांची एक सुटी जोडी, या दोन वस्तू यंत्राजवळ ठेवूनच फांद्यांना हात घालावा. फिरत्या चकतीवर बसवलेली पाती पुष्कळ यंत्रांत दोन्ही कडांना धारेची असतात, म्हणजे एक कड बोथट झाली की तीच पाती उलटून बसवता येतात. पण स्क्रू सोडवायला काही नसेल तर ही सोय असून नसल्यासारखी. बोथट पाते फांदी कापत नाही, चेंगरते. सालीच्या लांब दोऱ्या निघतात, त्या चकतीच्या आसाभोवती घट्ट गुंडाळल्या जातात, मोटर कण्हू लागते आणि शेवटी तापून आपोआप बंद पडते. त्यानंतर पक्कड घेऊन बाहेरून कितीही ओढले तरी ती गुंडाळी निघत नाही, झाकण उघडावेच लागते.

सिकेटर (छाटणीची कात्री), जाड फांद्यांसाठी लॉपर (लांब दांड्यांची कात्री), छोटी करवत, दाताळे, घमेले: ही हत्यारे बाग करणाऱ्याकडे असतातच. हातमोजे आणि बूट यांचेही तेच. डोळ्यांवर चष्मा मात्र बाजूंनी बंद असलेलाच हवा, कारण कपच्या यंत्राच्या घशातून, म्हणजे फांद्या टाकायच्या तोंडातून, उलट्या उडतात. कानांसाठी बोळे किंवा मफ घ्यावेत, आणि पाचोळा कोरडा असेल तर धुळीसाठी मास्कही. पायाखाली ताडपत्री अंथरली नाही तर निम्मा माल गवतातून वेचत बसावे लागते.

विजेच्या वायरीबाबत हयगय नको. घरगुती श्रेडर दोन ते अडीच हजार वॅट ओढतो, त्यामुळे दिव्यासाठी वापरतात तसली बारीक एक्स्टेंशन वायर तापते. जाड तारेची वायर घ्यावी आणि ती रिळावर असेल तर पूर्ण उलगडावी. गुंडाळलेल्या वायरीतली उष्णता बाहेर पडत नाही. फांदी आत सरकवण्यासाठी यंत्रासोबत आलेला दट्ट्या किंवा लाकडी काठीच वापरावी. लोखंडी गज नको, आणि हात तर मुळीच नको. अडकलेली फांदी काढताना आधी प्लग काढावा, चकती थांबल्याची खात्री करावी आणि मगच, पुन्हा सांगतो, ॲलन कीने झाकण सोडवावे. ती घरात कुठेतरी आहे म्हणून भागत नाही. दोरीने यंत्राच्या दांड्यालाच बांधून ठेवावी.

घशात टाकण्यापूर्वी ढीग एकदा चाळून पाहावा. वेलींना बांधलेली तार, सुतळी, खिळा, मातीसकट उपटलेली मुळे यांनी धार जितकी जाते तितकी लाकडानेही जात नाही. फांद्या ताज्या असताना सोप्या जातात, वाळून टणक झाल्यावर पाती झिजवतात. पानांचे उलट आहे, ओली पाने लगदा होऊन घसा बुजवतात. म्हणून पाने कोरडी होऊ द्यावीत आणि पानांबरोबर मध्येमध्ये एखादी काडीही आत सोडून घसा मोकळा करावा. घरगुती यंत्राची मर्यादा बहुधा चार सेंटिमीटरच्या आसपास असते, त्याहून जाड फांदी कोंबण्याचा हट्ट करू नये. रोगट फांद्या आणि बिया धरलेले तण वगळावे. नुसताच पाचोळा असेल तर श्रेडर काढूच नये, पिशवीवाले गवत कापण्याचे यंत्र त्यावरून फिरवले की पुरते.

तयार चुरा चाळायला चाळणी हवी असल्यास मोठ्या भोकांची. पोती हवेशीर असावीत, ओला चुरा प्लास्टिकमध्ये कोंडू नये. पसरताना थर पाच ते आठ सेंटिमीटर ठेवावा, खोडापासून चार बोटे दूर; ताज्या कपच्या मातीत मिसळू नयेत, त्या कुजताना नत्र ओढून घेतात. शेवटी प्लग काढून पात्यांवरचा चीक पुसावा आणि तेलाचा हात फिरवावा.