श्रीविजयाचा इतिहास कसा अभ्यासावा

श्रीविजय या आग्नेय आशियातील प्राचीन सागरी राज्याच्या अभ्यासाची सुरुवात नकाशापासून करावी. त्याचे केंद्र असलेले, इंडोनेशियातील सुमात्रा बेटावरील पालेम्बांग हे शहर मुसी नदीच्या काठी, समुद्रापासून बरेच आत वसलेले आहे. चीन आणि भारत यांच्या दरम्यान ये-जा करणारी गलबते मोसमी वारा फिरेपर्यंत याच टापूत मुक्काम करीत आणि या मुक्कामावरच श्रीविजयाची सत्ता पोसली गेली. म्हणून या ‘साम्राज्या’च्या सीमा आखण्यात वेळ घालवू नये, नदीमुखे, बंदरे आणि मलाक्काची सामुद्रधुनी पाहावी.

त्यानंतर नावांची एक यादी करावी. चिनी साधनांत हेच राज्य आधी शिलिफोशी आणि पुढे सानफोची म्हणून येते. ‘श्रीविजय’ हे राजाचे नव्हे तर राज्याचे नाव आहे, हे फ्रेंच संशोधक जॉर्ज सेदेस यांनी १९१८ मध्ये दाखवून दिले. त्याआधी विखुरलेले हे उल्लेख कोणी एकत्र जोडले नव्हते.

सर्वाधिक वेळ शिलालेखांना द्यावा, कारण या राज्याची स्वतःची बखर उपलब्ध नाही. इ.स. ६८२ च्या केदुकान बुकित लेखाची भाषा जुनी मलय आहे, तरी त्याच्या लिप्यंतरात एकादशी, शुक्लपक्ष, वैशाख हे शब्द भेटतात आणि मराठी वाचकाला आपलेच पंचांग उघडल्यासारखे वाटते. कालगणनाही शकाची आहे, त्यामुळे तलांग तुवो लेखातील शके ६०६ मध्ये ७८ मिळवले की इ.स. ६८४ हे वर्ष मिळते. या लेखात राजा जयनाश नारळ, सुपारी आणि बांबू लावलेल्या उद्यानाचे पुण्य सर्व प्राणिमात्रांना अर्पण करतो. दोनच वर्षांनंतरचा बांका बेटावरील कोटा कापूर लेख मात्र द्रोह करणाऱ्यांना शाप देतो. हे दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचावेत; करुणा आणि जरब या सत्तेत एकत्र नांदत होत्या, हे तेव्हाच ध्यानात येते.

मग बाहेरचे साक्षीदार तपासावेत. चिनी भिक्षू इत्सिंग इ.स. ६७१ मध्ये येथे सहा महिने राहून संस्कृत व्याकरण शिकला आणि येथे हजाराहून अधिक भिक्षू असल्याचे त्याने नोंदवले. नालंदा येथील पालवंशीय राजा देवपालाच्या ताम्रपटात सुवर्णद्वीपाच्या (म्हणजे सुमात्राच्या) राजा बालपुत्रदेवाने बांधलेल्या विहारासाठी पाच गावे दिल्याचा उल्लेख आहे.

शेवटी तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातील राजेंद्र चोळाचा लेख वाचावा, ज्यात १०२५ च्या सुमारास झालेल्या स्वारीत जिंकलेल्या बंदरांची नावे दिली आहेत. (याच मंदिराच्या भिंतींवर सरफोजीराजांनी कोरवलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहासही आहे, तेथे जाणाऱ्याने तो अवश्य पाहावा.) मात्र हा लेख विजेत्याची प्रशस्ती आहे, हे विसरू नये. त्यात श्रीविजय लुटले गेल्याचे दिसते, पण चिनी नोंदींत सानफोचीचे दूत त्यानंतरही येत राहतात.